मासा हसला म्हणे

गोजरबाईंनी चहाची बशी खाली ठेवली, पदराने ओठ टिपले आणि समुद्राची गोष्ट काढली, तेव्हाच भागाबाईंनी ओळखलं की आजचा दिवस बिनभांडणाचा जात नाही.

गोजरबाई म्हणजे भागाबाईंच्या विहीणबाई. भागाबाईंची लेक सत्यशीला साखऱ्याला त्यांच्या घरात दिलेली. आता सत्यशीलाच्या पोराचं जावळ काढायचं होतं, त्याचं आवतण घेऊन बाई साखऱ्याहून डोंगरकड्याला आल्या होत्या. आवतण देऊन झालं, नातवाच्या दातांचं कौतुक झालं, हळदीचं पीक कसं उतरलं ते झालं. आता खरं तर पिशवी उचलायची आणि एसटी गाठायची. पण मागच्या हिवाळ्यात लेकाबरोबर कोकणात जाऊन आल्यापासून गोजरबाई समुद्रात एक बुडी मारल्याशिवाय कोणाच्या ओसरीवरून उठतच नसत.

"काय सांगू ईनबाई, त्यो डॉल्फिन मासा! म्हशीवानी काळाभोर. पाण्यातून असा वर आला, नावेला येऊन भिडला, आन् समद्यांना सोडून मह्याच तोंडाकडं बघितलं. आन् हसला."

"कोण हसला?"

"मासा."

भागाबाईंनी सुनेकडे बघितलं. सून सपना एकदम शेगडीवरच्या रिकाम्या पातेल्यात फार लक्ष घालायला लागली. ओसरीच्या कडेला भागाबाईंचे यजमान नामाजी लोकर पिंजत बसले होते, ते उठले आणि मेंढरांकडे निघून गेले. दोन विहिणींच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा लांडग्यासमोर उभं राहिलेलं बरं, हे त्यांनी लेकीच्या लग्नातच शिकून घेतलं होतं.

"मासा हसला म्हणे," भागाबाई म्हणाल्या.

"हसला. ह्या कानापासून त्या कानापस्तोर."

"माशाला कान असतेत व्हय?"

"तुमाला कसं ठाव असंल? तुमी समुद्र कुठं बघितला? तुमचा समुद्र म्हंजी इसापूरचं धरण!"

हे लागलं. धरणाला नावं ठेवली म्हणून नव्हे, नावं कोणी ठेवली म्हणून. सत्यशीलाच्या लग्नात भागाबाईंनी भर मांडवात ह्याच बाईचे पाय धुतले होते. रीतच आहे ती, मुलीच्या आईने वरमाईचे पाय धुवायचे. पण रीत म्हणून धुणं वेगळं आणि धुवून घेणारीने पाय पुढे करून सगळ्या वऱ्हाडाकडे मान वळवून बघणं वेगळं. ती मान भागाबाईंच्या डोळ्यांसमोरून अजून हलली नव्हती.

"तुमी खोटं बोलून राहिल्या, ईनबाई."

"मी खोटं बोलते?"

"मासा कापल्यावर बी हसत न्हाई आन् जिता असताना बी हसत न्हाई. नावेजवळ येऊन बाईमाणसाच्या तोंडाकडं बघून हसणारा मासा दुनियेत न्हाई. असंल तर मी म्हंते त्ये करते."

"काय करता?"

"मी जाते समुद्रावर. मह्या डोळ्यानं बघते. तुमी म्हंता तसा मासा निघाला तर जावळाच्या दिवशी समद्या भावकीपुढं तुमचे पाय धुते, पुन्हा एकडाव. न्हाई निघाला तर तुमी महे धुवायचे. आन् बेलभंडारा उचलून सांगायचं. खरं त्येच."

बेलभंडारा म्हटल्यावर सपनाच्या हातातलं पातेलं वाजलं. मेंढरं पाळणाऱ्या घरात भंडारा हातात घेऊन कोणी खोटं बोलत नाही. बोलला तर कळपात रोग शिरतो, असं भागाबाईंना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. सासूच्या बाकीच्या शंभर गोष्टी भागाबाईंनी तिच्या तेराव्यालाच सोडून दिल्या, ही एक ठेवली.

गोजरबाई जरा दचकल्यासारख्या झाल्या. पण मागे हटतील तर त्या साखऱ्याच्या कसल्या. "कबूल," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू पडल्या. चहाची बशी तशीच अर्धी राहिली.

भागाबाईंचा लेक रामप्रसाद स्वतःची जीप चालवायचा. लग्नाची वऱ्हाडं, बाजारची माणसं, दवाखान्याचे पेशंट, सगळं नेऊन सोडायचा. संध्याकाळी घरी आला तर आईने पातळांची घडी घालून ठेवलेली.

"रामप्रसाद, समुद्र कोण्या बाजूला येतो?"

"काहून माय?"

"मासा बघायचाय. न्हाई बघायचा. म्हंजी तो न्हाई हे बघायचंय."

रामप्रसादला काही कळलं नाही. पण आईने एकदा पातळांची घडी घातली की कळण्याची वाट बघत बसायची नसते, जीपमध्ये डिझेल टाकायचं असतं. मेंढरं चुलतभावाच्या हवाली करून नामाजी मागच्या सीटवर बसले. सपनाने दशम्या बांधल्या. आणि डोंगरकड्याची जीप कोकणाकडे निघाली.

घाट उतरून रत्नागिरीच्या बाजूला एका लहानशा बंदरावर पोचले तेव्हा सकाळ होती. नामाजींनी समुद्र बघून हात जोडले. सपनाने मोबाईल काढला. भागाबाईंनी ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"एवढं पाणी आन् एका मेंढराला पाजायच्या कामाचं न्हाई! कोणी केलं हे?"

नाववाला तिथेच दोर गुंडाळत होता. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या त्याच्या नावेवर शहरातली काही मंडळी आधीच चढून बसली होती, काळे चष्मे आणि गळ्यात कॅमेरे. भागाबाई सरळ त्याच्यापाशी गेल्या.

"बाबा, तुमच्याकडचा तो मासा नावेच्या जवळ येतो का?"

"येतो की आजी. मर्जी असली तर हात लावण्याइतका जवळ येतो."

भागाबाईंचा चेहरा जरा उतरला. "माणसाकडं बघतो का?"

"बघतो ना. हुशार असतो. डोकं वर काढून बघतो."

आता एकच राहिलं होतं. भागाबाईंनी आवाज खाली घेतला. "हसत तर न्हाई ना?"

नाववाला मोठ्याने हसला. "अहो आजी, त्याचं तोंडच तसं! ओठ असे वरती वळलेले. कायम हसूनच असतो तो."

भागाबाई वाळूत मटकन बसल्या. लाट येऊन पायावरून गेली, तरी त्यांना कळलं नाही. डोळ्यांसमोर साखऱ्याचं अंगण आलं, पाट आला, परात आली आणि भावकीकडे वळलेली ती मान आली.

"माय, काय झालं?" रामप्रसाद धावत आला.

"काय न्हाई. चला माघारी. मही तब्येत बराबर न्हाई."

"एवढ्या दूर येऊन माघारी? ईनबाई काय म्हणतील? भागाबाई पाणी बघून भ्याली म्हणतील!"

हेही खरंच होतं. नावेत बसलं तर हार आणि नाही बसलं तर पळपुटेपण. भागाबाई वाळूत बसून विचार करायला लागल्या. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती, पण त्या सोडण्याआधी मास्तरांनी हात टेकले होते. थोड्या वेळात त्यांच्या तोंडावर पुन्हा रंग आला.

भंडारा उचलून काय सांगायचं? डोळ्यानं बघितलं ते. मग डोळ्यानं काही बघितलंच नाही तर? डोळे मिटून बसणं ही लबाडी झाली, ते करायचं नाही. पण माणसाने कुठे बघायचं ही ज्याची त्याची मर्जी. आभाळ आहे, किनारा आहे, नारळाची झाडं आहेत. बघायला दुनिया पडली आहे, माशाकडेच बघ असं कोणत्या देवाने सांगितलंय?

"चला," त्या उठल्या. "बसा नावेत."

नाववाल्याने सगळ्यांना नारंगी जाकिटं दिली. भागाबाईंनी ते दोन बोटांत धरून बघितलं. "ही बैलाची झूल मी घालायची?"

"बुडालात तर तरंगाल आजी."

"मी बुडाले तर समुद्रच वर येईल," भागाबाई म्हणाल्या, पण घातलं. नऊवारीवर, पदरावर आणि गळ्यातल्या डोरल्यावर. पुढच्या चेनी काही जुळेनात. शेवटी नामाजींनी डोक्याच्या पटक्याचा एक पदर फाडून ते बांधून दिलं.

नाव निघाली. सगळी माणसं पुढच्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून बसली. भागाबाई एकट्या मागच्या टोकाला किनाऱ्याकडे तोंड करून बसल्या.

"आत्याबाई, मासे पुढं दिसतेत म्हणे," सपना म्हणाली.

"दिसू दे. मला नारळाची झाडं आवडतेत."

सपनाने लग्नाला पाच वर्षं झाल्यानंतर पहिल्यांदा ऐकलं की आत्याबाईंना काहीतरी आवडतं. ती पुढे जाऊन बसली.

बराच वेळ काही झालं नाही. मग पुढून कोणीतरी किंचाळलं. "तो बघा! उजवीकडे! उजवीकडे!" आणि अख्खी नाव उजवीकडे धावली. रामप्रसाद धावला, सपना धावली, चष्मेवाले धावले, नामाजीसुद्धा पटक्याचा राहिलेला भाग सावरत धावले. नाव एका कुशीवर झाली.

"अहो, सगळे एका अंगाला नको!" नाववाला ओरडला. "कलंडेल! कोणीतरी डावीकडे बसा!"

कोण ऐकतंय! एक मेंढरू ओढ्यात उतरलं की मागची सगळी उतरतात, तसं चाललं होतं. भागाबाईंच्या मनात मात्र उजेड पडला.

"मी बसते!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि डावीकडच्या फळीवर, माशांकडे पाठ करून, फतकल मारून बसल्या. नाव ताळ्यावर आली.

"बघा, आजींना समजतं!" नाववाला बाकीच्यांना बोलला. "स्वतः मासा बघायचा सोडून तुमचा तोल सांभाळतात."

"असू द्या," भागाबाई जड आवाजात म्हणाल्या. "मह्या नशिबी न्हाई तर न्हाई. लेकरं बघतेत, त्यात मी बघितलं." चष्मेवाल्या एका बाईने तर त्यांना पाण्याची बाटली दिली. पैज जिंकणं आणि देवमाणूस म्हणवून घेणं एका बसकणीत होत असेल तर कोण सोडील?

पण मासे काही ऐकणाऱ्यातले नव्हते. नावेखालून बुडी मारून ते डावीकडे निघाले.

"आले, आले! आजींच्या बाजूला आले!"

भागाबाई ताडकन उठल्या आणि माशांना पाठ दाखवत उजवीकडे जाऊन बसल्या. माणसं धडधडत डावीकडे आली. "वा आजी, लगेच तोल सांभाळला!" नाववाला खूश. एवढ्यात मासे पुन्हा खालून उजवीकडे. भागाबाई डावीकडे. मासे डावीकडे. भागाबाई उजवीकडे. मधल्या फळीला अडखळून त्यांच्या एका चपलेचा अंगठा तुटला, जाकीट फिरून पाठीवर गेलं, पण त्यांनी पाण्याकडे नजर म्हणून टाकली नाही. आभाळाकडे बघून त्या इकडून तिकडे पळत होत्या.

"माय, तुला चक्कर येऊन राहिली का?" रामप्रसादने विचारलं.

"मला न्हाई, त्या माशांना येऊन राहिली! एका जागी काहून बसत न्हाईत मेले?"

तेव्हा चष्मेवाल्यांपैकी एकाच्या ध्यानात आलं. "अहो, या आजी जिकडं जातात तिकडंच मासे येतात!" झालं. मग माशांच्या मागे धावायचं सोडून सगळी नाव भागाबाईंच्या मागे धावायला लागली. त्या डावीकडे गेल्या की सगळे डावीकडे, कॅमेरे लावून. उजवीकडे गेल्या की उजवीकडे. नाव एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. नाववाला देवाचं नाव घेऊन ओरडत होता.

"हर्रर्र! हॉ! हॉ!" शेवटी भागाबाईंनी मेंढरं वळवतात तशी आरोळी दिली. "मागं व्हा समदे! मही शेपूट धरून फिरता का? समद्यांनी तिकडं जाऊन बसा. मी इकडं. हलायचं न्हाई!"

आवाजच असा होता, की इंजिनियर दिसणारा एक माणूससुद्धा निमूट जाऊन बसला. सगळे त्या अंगाला, भागाबाई एकट्या या अंगाला. त्याच वेळी लांबवर एका माशाने पाण्यातून उडी मारली. "तिकडं! तिकडं!" रामप्रसाद ओरडला आणि सगळ्यांचे मोबाईल तिकडे लागले.

भागाबाईंनी सुस्कारा सोडला. इतकं पळून, आभाळाकडे बघून आणि नाव हिंदकळून त्यांचं डोकं खरंच गरगरत होतं. पोटातली दशमी वर येते की काय असं झालं. तोंडावर पाणी मारावं म्हणून त्या नावेच्या कडेवरून खाली वाकल्या आणि हात पाण्यात घातला.

फुस्स करून त्यांच्या तोंडावर गरम फवारा आला.

हाताच्या अंतरावर ते जनावर होतं. काळं नव्हतंच, राखाडी होतं, चटणी वाटून झाल्यावर धुतलेल्या पाट्यासारखं. अंगाला लगटून एक लहानगं, कोकरू आईच्या पोटाशी असतं तसं. मोठीने डोकं वर काढलं. बारीक डोळा होता, पण त्या डोळ्याने भागाबाईंना असं निरखलं, की भागाबाईंनी उगाच पदर नीट केला. आणि तिचं तोंड, काय सांगावं, कानाचा पत्ता नसताना या कानापासून त्या कानापर्यंत हसत होतं.

ओरडून कोणाला बोलवावं हे भागाबाईंच्या मनातही आलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, "काय गं बाई, लेकरू का तुझं?"

मोठी पुन्हा फुस्स म्हणाली, लहानग्याला पुढे घातलं आणि पाणी न हलवता खाली गेली.

नाव किनाऱ्याला लागली तेव्हा सगळे आपापला मोबाईल उघडून बघत होते. रामप्रसादच्या मोबाईलमध्ये पाणी होतं, नाववाल्याचं डोकं होतं आणि दूरवर काळा ठिपका होता.

"माय, तू जितली!" रामप्रसादने आईच्या हाताला धरून उतरवलं. "दूरून दोन पाठी दिसल्या बस्. जवळ कोणी आला न्हाई का कोण हसला न्हाई. नाववाल्याची नुसती जाहिरात. मी सोता सांगतो ईनबाईला. आता धुवा म्हणावं पाय!"

भागाबाई तुटकी चप्पल हातात घेऊन जीपकडे चालू लागल्या.

जीप घाट चढली, त्या बोलल्या नाहीत. ढाब्यावर भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तरी बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र घरचे घाबरले. सपनाने लिंबू कापून नाकाला लावलं. नामाजींनी हळूच विचारलं, "अगं, काही तकलीफ असंल तर सांग. दवाखाना करू."

"तकलीफ न्हाई," भागाबाई म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत एकट्याच हसल्या. हे बघून नामाजी जास्तच घाबरले.

तकलीफ होतीच. गप्प बसलं तर पैज खिशात होती. घरचे साक्षीदार होते, मोबाईल साक्षीला होता, शिवाय कोणी काही विचारणार नव्हतं. पण समुद्राने सगळी नाव सोडून त्यांनाच निवडलं होतं. चष्मेवाल्यांना नाही, इंजिनियरला नाही, भागाबाईंना! आणि तेच कोणाला सांगायचं नाही? भागाबाईंनी आयुष्यात कधी नुसती दुधीची भाजी चांगली झाली तरी शेजारच्या गल्लीत सांगून यायचं सोडलं नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी दोन दिवस कसंबसं काढलं. मग मेंढरांच्या वाड्यावर जाऊन, व्यालेल्या एका मेंढीच्या कानाशी बसून सगळी गोष्ट तिला सांगितली. मेंढीने रवंथ केला. त्याने काही समाधान झालं नाही.

जावळाच्या दिवशी साखऱ्याचं अंगण माणसांनी भरलं होतं. नातू मामाच्या मांडीवर बसला, रडला, जावळ निघालं, गूळ-खोबरं वाटून झालं. आणि मग ज्याच्यासाठी अर्धी भावकी आली होती, ते निघालं. पैजेची गोष्ट सत्यशीलाने आधीच गावभर केली होती.

रामप्रसाद मधोमध उभा राहिला आणि त्याने भाषणच केलं. "आमी चौघं गेलो. समदा समुद्र धुंडाळला. मासा हाय, पण तो दूर. जवळ येत न्हाई. बघत न्हाई. हसायची तर बातच सोडा. हे बघा मोबाईल." काळा ठिपका या हातातून त्या हातात फिरला.

"गोजरबाई, उचला तांब्या!" भावकीतलं कोणीतरी म्हणालं. बायका खिदळल्या.

गोजरबाईंचं तोंड कडू कारलं झालं. पाट मांडला, परात ठेवली. भागाबाई पाटावर बसल्या. ज्या क्षणाची लग्नापासून वाट बघितली तो समोर होता. पाय पुढे करायचे आणि भावकीकडे मान वळवायची, एवढंच बाकी. त्यांनी पाय पुढे केले सुद्धा.

गोजरबाई तांब्या घेऊन वाकल्या. वाकता वाकता पुटपुटल्या, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा बेताने. "धुते माय, धुते. पैज ती पैज. पण नशीब कुठून आणायचं? म्या बघितला. ज्याचं पुण्य त्यालाच असं मुकं जनावर दर्शन देतं. इतक्या दूर जाऊन काही जणांना नुसतं खारं पाणी."

भागाबाईंनी पाय झटकन मागे घेतले.

"सत्यशीला! भंडाऱ्याची वाटी आण."

"माय, आता काहून?" रामप्रसाद घाबरला. "झालं ना! तू जितली!"

"गप बस. तुला काय दिसलं ते तू सांगितलं. आता मला काय दिसलं ते मी सांगते."

भागाबाईंनी देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेतला आणि उभं राहून सगळं सांगितलं. गरम फवारा सांगितला, धुतलेल्या पाट्यासारखं अंग सांगितलं, पोटाशी लगटलेलं पिलू सांगितलं, तो डोळा सांगितला. शब्दाला शब्द नाही जोडला, जोडायची गरजच नव्हती. "आन् मह्या तोंडाकडं बघून हसली. मासा नव्हं, मायच ती. समद्या नावेत मलाच भेटली. खोटं असंल तर मही मेंढरं खंडोबा बघून घेईल."

नामाजींच्या तोंडातली सुपारी बाहेर पडली. रामप्रसाद मोबाईल उलटा धरून उभा. सपना कौतुकाने बघत राहिली. आत्याबाई ढाब्यावर का बोलल्या नाहीत, ते तिला आत्ता कळलं.

"तवा मी हारले," भागाबाई म्हणाल्या. हारल्याचं असं सांगितलं की जिंकलेल्याला लाज वाटावी. "तसा मासा हाय. नावेजवळ येतो, बघतो, हसतो. ईनबाई, तुमी खरं बोलल्या. बसा पाटावर. पाय द्या."

गोजरबाईंना धरून बायकांनी पाटावर बसवलं. भागाबाईंनी परात जवळ ओढली. पाय धुण्याआधी कपाळाला लावायचा म्हणून भंडारा चिमटीत घेतला. "लावून घ्या. पुण्यवान बाई तुमी. तुमाला बी मह्यावानीच दर्शन झालं, असं एकडाव भंडाऱ्यावर म्हणा, की मी पाणी घालते."

चिमूट कपाळाच्या दिशेने आली. गोजरबाई मागे सरकल्या. चिमूट अजून पुढे आली. गोजरबाई पाटावरून घसरून खाली बसल्या.

"थांबा, ईनबाई," त्यांचा आवाज चिरकला. "दावणीला म्हशी हाईत मह्या."

"म्हंजी?"

"म्या न्हाई बघितला." अंगणातला एक एक माणूस पुढे वाकला. "नावेत बसल्याबसल्या मळमळ सुटली. मह्या लेकानं बादली दिली आन् तो पुढच्या टोकाला गेला; म्या बादलीतून डोकंच न्हाई काढलं. एकडाव वर बघितलं तर दूर काहीतरी काळं दिसलं, तो बी दगड होता म्हणे. आता एवढ्या दूरून आल्यावर गावात काय सांगावं? बघायला म्हणून गेलो तर काहीतरी दिसायला नगं? म्हणून आपलं म्या... हसला म्हंलं."

"आई!" त्यांचा लेक मागून ओरडला. "साल झालं, तू मला बी हेच सांगून राहिली!"

भावकीत जो हशा उठला तो पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. भागाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भंडारा आपल्याच कपाळाला लावला, पाट स्वतःकडे सरकवला आणि त्यावर अशा बसल्या, की जणू तो पाट त्यांच्याच मापाने केला होता. मुळात भांडण खोटं कोण बोलतं याचंच होतं; पैज कोण जिंकलं, हे आता कोणाला विचारायची गरज राहिली नव्हती.

गोजरबाईंनी निमूट तांब्या उचलला. पाणी घातलं, पाय चोळले. सगळं गाव बघत होतं आणि भागाबाईंनी आपली मान आरामात, अगदी घाई न करता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

गोजरबाईंना मात्र गावाचं भान नव्हतं. हातातला पाय त्यांनी तसाच धरून ठेवला होता, नजर भागाबाईंच्या तोंडावर आणि डोळे लहान लेकरासारखे मोठे झालेले. त्या हळूच पुढे वाकल्या.

"ईनबाई," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "म्या तर मनानंच सांगितलं व्हतं. तो खरंच हसतो?"

भागाबाईंनी पाय जरासा पुढे सरकवला.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "आधी टाच राहिली, ती धुवा."